रक्ताच्या थेंबाला बोलते करणारे प्राध्यापक : लीलंड क्लार्क

नवजात अर्भकाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचा थेंब घेणे, हे बालरोगतज्ज्ञाच्या दिनक्रमातील अगदी साधे काम. बाळ क्षणभर रडते, परिचारिका कापसाचा बोळा दाबून धरते, थेंब पट्टीवर शोषला जातो आणि काही सेकंदांत यंत्राच्या पडद्यावर रक्तशर्करेचा आकडा उमटतो. शेजारच्या बाळाच्या तळपायाला बांधलेला तांबडा दिवा त्याच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण क्षणोक्षणी सांगत असतो. या आकड्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की एके काळी ते मोजताच येत नव्हते, आणि न मोजता आल्यामुळे कित्येक मुले दगावली व कित्येक आंधळी झाली, हे सहसा आपल्या मनात येत नाही.

आज जैवसंवेदक, नॅनोजैवसंवेदक हे शब्द वृत्तपत्रांतूनही वाचावयास मिळतात. या शास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते, ते प्राध्यापक लीलंड क्लार्क हे पेशाने जीवरसायनशास्त्रज्ञ. परंतु त्यांच्या कारकिर्दीची अखेरची तेवीस वर्षे एका बालरुग्णालयाच्या संशोधन संस्थेत गेली. बालरोगतज्ज्ञाने त्यांच्याविषयी लिहावे, याचे हे एक कारण. दुसरे कारण अधिक वैयक्तिक आहे. ते आधी सांगतो.

एक न विसरता येणारे बाळ

१९९० च्या दशकातील गोष्ट. मी एम.डी.चा विद्यार्थी होतो. आमच्या कक्षात अकराशे ग्रॅम वजनाचे, साडेसात महिन्यांचे एक बाळ दाखल झाले. श्वास धापेचा, ओठ निळसर. रुग्णालयात रक्तातील वायूंचे प्रमाण मोजणारे यंत्र होते, परंतु रात्री ते बंद असे. एकुलता एक पल्स ऑक्सिमीटर शस्त्रक्रियागृहात होता. आम्ही पारदर्शक टोपाखाली प्राणवायू सोडला आणि बाळाच्या ओठांच्या रंगाकडे पाहत राहिलो. रंग गुलाबी झाला, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. प्राणवायू कमी करण्याचे धाडस कुणालाच होईना. बाळ जगले. दोन महिन्यांनी आई त्याला घेऊन आली. बाळ दिव्याकडे पाहत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते.

ओठ गुलाबी दिसतात, याचा अर्थ प्राणवायू पुरेसा आहे एवढाच. तो गरजेपेक्षा किती जास्त आहे, हे डोळ्यांना कधीही दिसत नाही. रक्तातील प्राणवायूचा दाब दुप्पट झाला तरी ओठांचा गुलाबी रंग तोच राहतो. हा धडा मी एका मुलाच्या दृष्टीची किंमत मोजून शिकलो. जगाने तो त्याच्या चाळीस वर्षे आधी, याहून फार मोठी किंमत देऊन शिकला होता.

दुधारी प्राणवायू

१९४२ मध्ये बोस्टनमधील नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अकाली जन्मलेल्या बाळांमध्ये दृष्टिपटलाचा एक नवा विकार वर्णन केला. पुढील दहा वर्षांत या विकाराने जगभरात सुमारे १०,००० मुले अंध झाली. ही मुले मुख्यतः प्रगत देशांतील, उत्तम साधनसामग्री असलेल्या रुग्णालयांतील होती, हे त्यातील गूढ. १९५१ मध्ये मेलबर्नच्या बालरोगतज्ज्ञ केट कँपबेल यांनी बोट ठेवले ते प्राणवायूवर. अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी एकत्र येऊन चाचणी केली आणि १९५४ च्या सप्टेंबरात निष्कर्ष जाहीर झाला : सढळ हाताने दिलेला प्राणवायूच मुलांना अंध करीत होता.

मग सर्वत्र प्राणवायू आखडता घेण्यात आला. पेटीतील हवेत ४० टक्क्यांहून अधिक प्राणवायू नको, असा दंडक पडला. अंधत्व घटले, पण आता फुप्फुसे कच्ची असलेली बाळे प्राणवायूअभावी मरू लागली. १९७३ मध्ये इंग्लंडचे केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला की वाचवलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे १६ बाळांचे प्राण गेले असावेत. हा अंदाज होता. पण त्याने बालवैद्यकाची झोप उडवली. आधी सर्वांना भरपूर दिले, नंतर सर्वांना कमी दिले. दोन्ही वेळा चूक एकच होती : पेटीतील हवा मोजली जात होती, बाळाचे रक्त नव्हे.

आणि रक्तातील प्राणवायूचा दाब सहज मोजण्याचे साधन नेमके त्याच सुमारास, १९५४ च्या ऑक्टोबरात, ओहायो राज्यातील एका छोट्या गावात आकार घेत होते.

अडलेला लेख

लीलंड क्लार्क यांचा जन्म ४ डिसेंबर १९१८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. यलो स्प्रिंग्ज गावातील अँटिऑक महाविद्यालयातून १९४१ मध्ये त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि १९४४ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठातून डॉक्टरेट. त्यानंतर ते पुन्हा यलो स्प्रिंग्जला, फेल्स संशोधन संस्थेत आले. मुलांची वाढ जन्माआधीपासून वर्षानुवर्षे मोजत राहणारा प्रकल्प या संस्थेने १९२९ पासून चालविला होता. मोजण्याचा संस्कार त्या वास्तूतच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तेथे क्लार्क यांनी हाती घेतले ते कृत्रिम फुप्फुस. हृदयावर शस्त्रक्रिया करायची तर तेवढा वेळ रक्तात प्राणवायू मिसळण्याचे काम शरीराबाहेर व्हावयास हवे. त्यांनी रक्तातून प्राणवायूचे बुडबुडे सोडले आणि त्यामुळे होणारा फेस मोडण्यासाठी सिलिकोनचा उपयोग केला. गोलन व गुप्ता या सहकाऱ्यांसह १९५० मध्ये त्यांनी हे काम ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. परंतु पुढे एका नियतकालिकाने त्यांचा लेख नाकारला, असे सांगितले जाते. कारण असे की, यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रक्तात प्राणवायूचा दाब नेमका किती, हे क्लार्क सांगू शकत नव्हते.

संपादकावर चिडून लेख दुसरीकडे पाठविणे सोपे होते. क्लार्क यांनी मात्र आक्षेप रास्त मानला आणि मोजण्याचे साधनच तयार करण्याचे ठरविले.

प्लॅटिनमच्या तारेला ठरावीक ऋण विद्युतदाब दिला की तिच्याजवळ येणारा प्राणवायू इलेक्ट्रॉन घेतो आणि तेवढ्या प्रमाणात प्रवाह वाहतो, हे तत्त्व आधीच ठाऊक होते. अडचण होती ती रक्ताची. रक्तातील प्रथिने तारेवर साचत आणि घटका-दोन घटकांत वाचन बिघडे. क्लार्क यांनी प्लॅटिनमची तार आणि चांदीचा दुसरा इलेक्ट्रोड हे दोन्ही एकत्र, पातळ पॉलिएथिलीनच्या पडद्याआड बंद केले. हा पडदा वायूला वाट देतो. प्रथिने, पेशी आणि क्षार यांना देत नाही. तारेला रक्ताचा स्पर्शच होत नाही. तिच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त प्राणवायू.

किती साधी युक्ती! १९५६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १९५८ मध्ये सेव्हरिंगहाउस व ब्रॅडली यांनी हा इलेक्ट्रोड आणि कार्बन डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड एकाच यंत्रात बसविले. आज प्रत्येक अतिदक्षता विभागात असलेले रक्तवायू तपासणीचे यंत्र हा त्याचाच वंशज. १९७० च्या दशकाच्या आरंभी मारबुर्ग येथे हुख दांपत्य आणि ल्युबर्स यांनी हा इलेक्ट्रोड किंचित गरम करून थेट अर्भकाच्या त्वचेवर चिकटवला. उष्णतेने त्वचेखालच्या केशवाहिन्या रुंदावतात आणि रक्ताचा थेंबही न काढता प्राणवायूचा दाब कळतो. पल्स ऑक्सिमीटर हे त्यानंतरचे, जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेले, प्रकाशाच्या शोषणावर चालणारे निराळे साधन. मात्र सततच्या मोजमापावाचून प्राणवायू देऊ नये, हा विचार त्याआधीच रुजू लागला होता.

बालहृदयातील छिद्राचा शोध

१९५८ मध्ये क्लार्क अलाबामा विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. शल्यचिकित्सा विभागात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक, अशी त्यांची जागा होती. आजच्या जैवअभियांत्रिकीचे बीज अशाच जागांत होते : रसायनशास्त्रज्ञ शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी उभा राहिला, तेव्हा त्याला खरे प्रश्न दिसू लागले.

तेथे बालहृदयरोगतज्ज्ञ बार्जेरॉन यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये एक सुंदर पद्धत प्रसिद्ध केली. हृदयाच्या पडद्याला छिद्र असेल तर फुप्फुसांतून डाव्या बाजूस आलेले रक्त थेट उजव्या बाजूस झिरपते. ते ओळखण्यासाठी मुलाला हायड्रोजनयुक्त वायूचा एक श्वास द्यायचा आणि प्लॅटिनमचे टोक असलेली नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यात ठेवायची. छिद्र असल्यास हायड्रोजनयुक्त रक्त लगेच त्या टोकाशी पोहोचते आणि काटा हलतो; छिद्र नसल्यास रक्ताला साऱ्या शरीराची फेरी करावी लागते. इकोकार्डिओग्राफीच्या युगात ही पद्धत मागे पडली. परंतु मुलाच्या एका श्वासातून निदान काढणारी ती बुद्धी आजही थक्क करते.

थेंबातील साखर

१९६२ मध्ये क्लार्क आणि शल्यविशारद चॅम्प लायन्स यांनी पुढचे पाऊल टाकले, आणि जैवसंवेदकाचा जन्म झाला तो येथे. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, केवळ ग्लुकोजवर काम करते आणि ते करताना प्राणवायू वापरते. क्लार्क यांनी या विकराचा थर आपल्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी पडद्याआड ठेवला. ग्लुकोज जितके अधिक, तितका प्राणवायू कमी. काटा जितका खाली, तितकी साखर वर. ओळखण्याचे काम जीवसृष्टीतील रेणूने करायचे आणि सांगण्याचे काम विजेने, ही जोडी तेव्हा प्रथम जुळली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी अशाच साधनाला ‘एन्झाइम इलेक्ट्रोड’ हे नाव दिले.

कल्पना १९६२ ची. ती प्रयोगशाळेत विकत मिळणारे यंत्र होण्यास १९७५ साल उजाडले. यलो स्प्रिंग्जमधील एका उपकरण कंपनीने बाजारात आणलेल्या त्या यंत्राला २५ मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग, एवढेच रक्त पुरे. ते घरच्या घरी वापरता येण्यास आणखी एक तप लागले : क्रॅनफिल्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९८४ मध्ये प्राणवायूऐवजी फेरोसीन या संयुगाकरवी इलेक्ट्रॉन वाहून नेले आणि १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचा ग्लुकोमीटर आला. आता मधुमेही मुलाच्या दंडावर नाण्याएवढी चकती असते. तिच्या टोकाचा केसासारखा तंतू त्वचेखाली राहून दर काही मिनिटांनी शर्करा मोजतो. रात्री दोन वाजता साखर उतरू लागली की आईच्या उशाशी ठेवलेला फोन वाजतो. त्या तंतूवर बहुधा तेच जुने ग्लुकोज ऑक्सिडेज असते.

थोड्या रक्तात काम भागणे ही प्रौढांसाठी सोय आहे. अकाली अर्भकासाठी ती निकड आहे. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून ८५ ते ९० मिलिलिटर रक्त असते. तपासणीसाठी त्यातून एक मिलिलिटर काढणे म्हणजे तुमच्याआमच्या अंगातून ५५ ते ६० मिलिलिटर काढणे. दिवसातून चार वेळा अशा तपासण्या केल्या तर आठवडाभरात आपणच त्याला रक्त देण्याची वेळ आणतो.

१९६८ मध्ये क्लार्क सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात संशोधन-बालवैद्यकाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९९१ मध्ये तेथूनच निवृत्त झाले. त्यांचे सर्वच प्रयोग फळाला आले असे नाही. १९६६ मध्ये गोलन यांच्यासह त्यांनी प्राणवायूने भारलेल्या फ्लुरोकार्बन द्रवात बुडालेला उंदीर श्वास घेत जिवंत राहतो, हे दाखविले. १९८९ मध्ये फिलाडेल्फियात आसन्नमरण अकाली अर्भकांवर द्रवश्वसनाचा प्रयोगही झाला. परंतु तो नित्याचा उपचार होऊ शकला नाही. २००५ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचा रस पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

सूक्ष्माकडून अतिसूक्ष्माकडे

क्लार्क यांच्या इलेक्ट्रोडला रेणूंचा जमाव लागतो. प्राणवायू व ग्लुकोज रक्तात मुबलक असतात, म्हणून तेथे ते साधले. परंतु हृदयविकाराच्या झटक्यात स्रवणारी प्रथिने किंवा जंतुसंसर्गाच्या पहिल्या खुणा रक्तात अत्यल्प असतात. त्यासाठी संवेदकच रेणूच्या मापाचा असावा, हा नॅनोजैवसंवेदकामागील विचार. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रतिपिंडाचा एक रेणू दहा-पंधरा नॅनोमीटरांचा. संवेदक तार तितकीच बारीक असेल, तर तिला चिकटलेल्या मोजक्या रेणूंनीही तिच्यातील प्रवाह बदलतो.

हे सारे अजून प्रयोगशाळेतच आहे, असे मात्र नाही. मलेरियाच्या झटपट चाचणीतील तांबडी रेघ आपण रोज पाहतो. ती रेघ सोन्याची असते! सोन्याचे वीस ते चाळीस नॅनोमीटरांचे कण पिवळे न दिसता लाल दिसतात. प्रतिपिंडे त्यांना जोडलेली असतात आणि प्रतिजन सापडला की ते कण रेघेवर अडकून साचतात. २०२० नंतर कोविडच्या प्रतिजन चाचण्यांमुळे हे तंत्र घरोघरी पोहोचले.

मात्र लहान होण्यालाही मर्यादा आहे, आणि ती बालरोगतज्ज्ञाला फार जवळून दिसते. नवजात अर्भकाच्या जंतुदोषात कित्येकदा एक मिलिलिटर रक्तात चार-पाचच जंतू असतात. २५ मायक्रोलिटरचा थेंब घेतला, तर बहुतेक वेळा त्यात एकही जंतू येणार नाही. संवेदक कितीही तल्लख असो, थेंबात जे नाही ते तो दाखवू शकत नाही. म्हणूनच आजही आपण रक्ताच्या कल्चरसाठी एक मिलिलिटर रक्त मागतो आणि दीड-दोन दिवस वाट पाहत, अंदाजाने प्रतिजैविके देतो. या प्रतीक्षेचे उत्तर जो संशोधक देईल, तो खऱ्या अर्थाने क्लार्क यांचा वारस ठरेल.

मापाचे शील

या मर्यादेकडे पाठ फिरविली की काय होते, हेही जगाने पाहिले आहे. २००३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या थेरानॉस या कंपनीने बोटातील काही थेंबांतून शेकडो तपासण्या करण्याचा दावा केला. २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्यातील पोकळपणा उघड केला, २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि २०२२ मध्ये तिच्या संस्थापिकेला गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ११ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. क्लार्क यांच्या अडलेल्या लेखाशेजारी ही कथा ठेवून पाहावी. एकाने ‘मला हे मोजता येत नाही’ हे मान्य केले आणि त्यातून एक शास्त्र उभे राहिले. दुसरीकडे ते मान्य करण्याचे नाकारले गेले आणि रुग्णांच्या हाती खोटे आकडे पडले.

हा विवेक आपल्या रोजच्या व्यवहारातही हवा. नवजात बाळाचे रक्त दाट असेल तर ग्लुकोमीटर साखर खरीपेक्षा कमी दाखवतो. रक्तक्षय असेल तर जास्त दाखवतो. म्हणून कमी आकडा आल्यास उपचार तात्काळ सुरू करावेत, पण प्रयोगशाळेत नमुना पाठवून खात्रीही करावी. अकाली बाळाला प्राणवायू देताना पल्स ऑक्सिमीटरवर ९० ते ९५ टक्के हे लक्ष्य ठेवावे. शंभराचा आकडा तेथे समाधानाचा नव्हे, धोक्याचा आहे. आणि ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे दृष्टिपटल जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासले जावे; २८ आठवड्यांपूर्वीच्या किंवा १२०० ग्रॅमहून हलक्या बाळाचे तर दोन ते तीन आठवड्यांतच. वैद्यकीय मित्रांना हे ठाऊक आहे. ही स्मरणिका वाचणाऱ्या आजी-आजोबांनीही ते लक्षात ठेवावे, कारण बाळ घरी आल्यावर तारखेची आठवण पुष्कळदा तेच करून देतात.

गेल्या वर्षी माळव्यातील एका तहसिलीच्या गावाहून आमच्याकडे असेच अकराशे ग्रॅमचे बाळ आले. त्याच्या तळपायाला तांबडा दिवा बांधला, प्राणवायू हवेत मिसळून मोजून दिला, अडीच आठवड्यांनी दृष्टिपटल तपासले, आणि वेळेवर लेसर उपचार झाले. परवा ते तपासणीला आले होते. माझ्या हातातील टॉर्च त्याने नीट पाहिला आणि तो ओढून घेण्यासाठी हात पुढे केला. त्या क्षणी मला तीस वर्षांपूर्वीचे ते दुसरे बाळ आठवले.